लगोऱ्या फोडणारी बाई

२ मार्च, सोमवार

परत आले एकदाची! कोरीनकडे आठवडाभर राहून माणूस थकतो तो काम करून नव्हे, काम न करून. लेकीने चार फ्लॅट दाखवले. चारही तिसऱ्या मजल्यावर, चारही बदामी रंगाचे, आणि चारही खिडक्यांतून देखावा एकच – समोरच्या फ्लॅटची खिडकी. “आई, खाली पोहायचा तलाव आहे बघ!” मला पोहता येत नाही, म्हटलं. “अगं, बघायला तरी!”

घरी येऊन पाहते तर वेंडेल सोफ्यावर आडवा आणि खुब्याखाली बर्फाची पिशवी. मी गेले तेव्हा काठी टेकत का होईना, अंगणात फिरत होता. आठवडाभर कुणी उठवायला नाही म्हटल्यावर बसल्याजागी आखडून गेला! खूप बोलले. तो छताकडे बघत नुसता “हं, हं” करत होता. नवरा ऐकून घेतोय म्हटलं की मला आणखीच संताप येतो.

३ मार्च

जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. खुबा गेला, ऑपरेशन हृदयाला झेपायचं नाही, डोंगर बंद. वेंडेलने तेव्हा मान हलवली आणि बाहेर येऊन आइस्क्रीम मागितलं. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही.

आज बोलला. अंगणातलं पालो वेर्देचं झाड फुलांनी पिवळं व्हायला लागलंय. दर वर्षी ते पिवळं झालं की आम्ही दोघं डोंगरात हुआनाच्या टाक्यापर्यंत जातो. सकाळी निघायचं, दुपारी टाक्याशी सँडविच खायचं, अंधार पडायच्या आत खाली. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हे चालू आहे.

“या वर्षी तू जा,” म्हणाला.

“एकटी?”

“मग काय बँड लावून?”

मी म्हटलं, मला वाट कुठे ठाऊक आहे! खरंच नाही. मी पोस्टात टपाल निवडण्यात जन्म घालवला. गावातला प्रत्येक पत्ता पाठ, पण स्वतः कुठे उभी आहे ते मला कधी कळत नाही. वेंडेल तांब्याच्या खाणीत मोजणीदार होता, त्याला डोळे मिटून उत्तर दिशा दाखवता येते. त्यामुळे तो पुढे आणि मी मागे. इतक्या वर्षांत मी डोंगर असा पाहिलेलाच नाही. वेंडेलची पाठ पाहिली आहे.

तर तो म्हणाला, “माझ्यामुळे तू व्हरांड्यात बसून राहणार असशील, तर डोंगराच्या पायथ्याशी घर कशाला हवं? विकूया. कोरीनचा तो बदामी डबा घेऊया.” आणि सौदा ठरवून मोकळा झाला. मी एकटी टाक्यापर्यंत जाऊन उजेडी परत आले, शोधायला कुणाला पाठवावं लागलं नाही, तर घर राहील. पाठवावं लागलं तर एप्रिलमध्ये दारात विक्रीची पाटी.

“आणि मी गेलेच नाही तर?”

“तर पाटी उद्याच.”

या माणसाला मी चुलीत घालणार आहे!

५ मार्च

किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी सापडेना. शेवटी सगळे गेल्यावर जी उरली ती आमची. वेंडेलला सांगितलं नाही.

८ मार्च, रविवार

आज अख्ख्या देशाने उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे केली. आमच्या राज्याने नाही केली, कधीच करत नाही. वेंडेलच्या मते या देशात एवढा एकच शहाणपणा शिल्लक राहिलाय.

दुपारी शिकवणी. टेबलावर मिठाची बरणी म्हणजे पहिली खिंड, मिरपूड म्हणजे काळा खडक, सॉसची बाटली म्हणजे टाकं. “आता सांग, मिठाकडून मिरपुडीकडे जाताना डावीकडे काय?” मी म्हटलं, चमचा. त्याने डोळे मिटून घेतले.

मी सहज विचारलं, वाटेत लगोऱ्या असतील का? कुणीतरी दगडावर दगड रचून वाटेची खूण करून ठेवतं ना, त्यांना आम्ही घरात लगोऱ्या म्हणतो, कारण आमच्या घरी त्यांचा उपयोग एकच – फोडणे. तो डोंगर सरकारने रान म्हणून राखलाय. तिथे मोटार नाही, सायकल नाही, यंत्राची करवतसुद्धा नाही. जायचं तर पायांनी किंवा खेचरावरून. वेंडेलचं म्हणणं, मग रचलेले दगड कशाला? रान ते रान! यावरून त्याने वर्तमानपत्रात पत्रं लिहिलीत, पदयात्री मंडळातून राजीनामा दिलाय, आणि एका पाद्र्याशी बोलणं टाकलंय. “ज्याला वाट सापडत नाही त्याने घरी बसून उशांचे अभ्रे शिवावेत” – हे त्याचं जाहीर मत. दोघं डोंगरात गेलो की तो पुढे लगोरी पाडणार आणि मी मागून दगड पायाने पसरणार. ढीग होता असा संशयसुद्धा उरायला नको. काही जोडपी नाचायला जातात, आम्ही हे करायचो.

आज मात्र लगोऱ्यांचं नाव काढल्यावर नेहमीचं भाषण झालं नाही. नुसतं “बघू” म्हणाला. खुबा दुखत असणार.

१२ मार्च

ताचो आला होता. हा वेंडेलचा खाणीतला जुना दोस्त, आता सिनेटर नावाचं खेचर पाळून आहे. वाटा दुरुस्त करणाऱ्यांची अवजारं त्यावर लादून वर नेतो. सिनेटर नाव का, तर नेमकं काम असतं तेव्हा बसून राहतो म्हणून.

राजमा आणि टॉर्टिया वाढल्या. खाऊन झाल्यावर ताचो म्हणाला, “वहिनी, तुम्ही पुढे चला. मी सिनेटरला घेऊन मागून येतो, लांबून. तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.”

“खेचर वासावरून कळतं,” मी म्हटलं.

“वारा उलटा असेल तर नाही कळत.”

“ताचो!” वेंडेल इतक्या जोरात ओरडला की सॉसचं टाकं आडवं झालं. “ती एकटी जाणार म्हणजे एकटी जाणार.”

नंतर भांडी घासताना मला जरा रडू आलं. भीतीने नाही. त्याने ओरडून का होईना, माझ्यावर भरवसा ठेवला म्हणून. आणि भीतीनेही.

१५ मार्च

कोरीनचा फोन. “आई, या वयात? एकटी? साप असतात! बाबांना वेड लागलंय का?” मी म्हटलं, साप मार्चमध्ये नुकते उठलेले असतात, पेंगुळलेले असतात. “तू पण!” म्हणाली. फोन ठेवता ठेवता सांगून टाकलंन – तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट तिने राखून ठेवलाय.

१८ मार्च, बुधवार

पिशवी भरली. पाणी, आणखी पाणी, दोन सँडविच, संत्रं, शिट्टी, टोपी, फणी. फणी केसांसाठी नाही, चोया निवडुंगासाठी. त्या निवडुंगाचं बोंड नुसत्या वाऱ्याने अंगाला चिकटतं आणि हाताने काढायला जावं तर हाताला चिकटतं. फणीच्या दातांत धरून उडवावं लागतं. वेंडेलला टक्कल पडून वीस वर्षं झाली, पण फणी कधी विसरला नाही. त्याचीच फणी घेतली.

संध्याकाळी व्हरांड्यात बसलो होतो. बराच वेळ घुटमळून म्हणाला, “ओपल, समज, उद्या वाटेत एखादी लगोरी दिसली...”

“पाडीन!”

“नाही, म्हणजे, वाकायबिकायचा त्रास...”

“वाकायचं कशाला? लाथेने पाडीन.”

“एखादी राहू दिलीस तरी काही बिघडत नाही, एवढंच म्हणतोय.”

मला इतकं वाईट वाटलं! माझ्या पाठीची काळजी म्हणून हा बिचारा स्वतःचा धर्म सोडायला निघाला. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, “वेंडेल, तू नसलास तरी तुझं काम थांबणार नाही. एकही उभी ठेवणार नाही, माझा शब्द.”

तो डोंगराकडे बघत राहिला. भरून आलं असणार.

१९ मार्च, पहाट

निघते. तो झोपल्याचं सोंग करतोय.

२० मार्च, शुक्रवार

काल लिहायला हात उठला नाही. आज लिहिते. सगळं लिहायचंय, म्हणून सुरुवातीपासून.

गाडी पायथ्याशी लावली आणि ती कुठे लावली हे तीनदा मोठ्याने म्हटलं. मग चालायला लागले. पहिला धक्का – समोर पाठ नाही! नुसता डोंगर, तोही केवढा! मी उगीचच तिथल्या तिथे उभी राहिले. ओकोटियो झुडपाच्या काटक्यांच्या टोकांना लाल तुरे, खाली सगळीकडे पिवळी फुलं, खांबासारख्या, हात फुटलेल्या सग्वारो निवडुंगाच्या भोकात एक सुतार पक्षी कुणाला तरी शिव्या देत होता. मी म्हटलं, बाई, इतकी वर्षं हे इथेच होतं.

कोरड्या ओढ्याच्या वळणावर पहिली लगोरी! गुडघ्याएवढी. चपटे दगड, एकावर एक नीट बसवलेले, वर एक पांढरा गोटा. मी आजूबाजूला पाहिलं, मनात वेंडेलचं नाव घेतलं आणि लाथ घातली. काय आवाज झाला! दगड पायाने पसरले. भीती निम्म्याने पळाली.

वर चढले तर दुसरी. मग तिसरी. कुणीतरी इतकी मेहनत घेतली होती की चीड यावी. प्रत्येक ठिकाणी, अगदी जिथे वाट फुटते तिथेच, तेच चपटे दगड आणि तोच मेला पांढरा गोटा. एकाच हातचं काम. मी पाडत सुटले. कडेला सरकून पाडली, मागे वळून पाडली, एक तर बसून दोन्ही पायांनी ढकलली. नंतर नंतर मला चटकच लागली. लगोरी पाडली की मान उंचावून लगेच पुढची शोधायची. दिसली की “थांब तू!” म्हणून धावायचं. चढ कधी संपला ते कळलंच नाही.

मधे एक माणूस भेटला. उंच, गोरा, नाकाला पांढरं मलम, हातांत दोन काठ्या. उत्तरेतून थंडी टाळायला आमच्याकडे येतात त्या हिवाळी पाखरांपैकी. माझ्या मागून येऊन पुढे जाताना म्हणाला, “माफ करा हं. मी आर्विड, मिनेसोटाचा. पुढे वाटेवर दगडांच्या खुणा आहेत म्हणे?”

“आहेत,” मी म्हटलं.

“माफ करा, पण मागे मला एकही दिसली नाही.”

“मागे होत्या,” मी म्हटलं.

तो बाजूच्या घळीत फुलांचे फोटो काढायला उतरला. मी पुढे झाले आणि माझं काम चालू ठेवलं.

टाक्याशी पोचले! एकटी! खडकातलं पाणी तसंच हिरवं, मधमाश्या काठावर रांगेत. काठाशी सगळ्यांत मोठी लगोरी उभी होती, जवळजवळ माझ्या कमरेएवढी. तिला जरा वेळ लागला. मग तिच्याच एका दगडावर बसून सँडविच खाल्लं. दुसरं सँडविच वेंडेलच्या नेहमीच्या जागी ठेवलं होतं, अगदी सवयीने. थोड्या वेळाने तेही खाल्लं. मोठ्याने म्हटलं, “आले रे मी.” कुणी ऐकलं नाही हे बरं झालं.

परत फिरले. आणि वाट नव्हती.

म्हणजे वाटा होत्या. पाच-सहा. सगळ्या सारख्याच खडकाळ, सगळ्यांच्या कडेला तोच चोया आणि तीच पिवळी फुलं. एकीवरून थोडं उतरले तर कडा. दुसरीवरून गेले तर पुन्हा टाकं. तेव्हा लख्ख प्रकाश पडला. येताना मी वाट कुठे शोधली होती? मी शिकार शोधली होती! एका लगोरीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. त्या दगडांनीच मला हाताला धरून वर आणलं होतं आणि मी एकेकाला लाथ घालत आले होते. आता खाली जायला एकही खूण नाही. शिवाय दगड मी असे पसरले होते की ते कुठे होते हेही कळू नये. हाताला काय यश होतं!

मट्‌कन खाली बसले. चोयावर!

ते दुःख लिहिण्यासारखं नाही. फणी होती, पण ज्या जागी बोंड होतं तिथे माझा हात पोचत नव्हता. गोल गोल फिरत होते, कुत्रं शेपटीमागे फिरतं तशी. तेवढ्यात मागून आवाज, “माफ करा.” आर्विड! तोही वाट चुकलेला. माझी अवस्था पाहिली, टोपी काढली आणि म्हणाला, “बाई, आपली हरकत नसेल तर...” हरकत असून सांगते कुणाला? तर काल दुपारी, हुआनाच्या टाक्याशी, मिनेसोटाच्या एका परक्या पुरुषाने माझ्या बुडावरून माझ्या नवऱ्याची फणी फिरवली. सगळा वेळ तो आकाशाकडे बघत “माफ करा, माफ करा” म्हणत होता. माणूस कुलीन.

मग म्हणाला, “माझ्या गाइडने सांगितलं होतं, अलीकडेच टाक्यापर्यंत सुंदर खुणा केल्यात म्हणून. कुणा हलकटाने पाडल्या हो?”

“हल्ली लोक फार वाईट झालेत,” मी म्हटलं.

ऊन कलायला लागलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे दारातली विक्रीची पाटी दिसायला लागली. आता कुणीतरी शोधायला येणार, मग घर गेलं, मग तो तलाव. रडू येणार एवढ्यात समोरच्या सग्वारोकडे लक्ष गेलं. एकाच हाताचा, हात खाली वळलेला. मला एकदम राग आला. या सग्वारोचा मला राग का यावा? आणि आठवलं – इथेच वेंडेल म्हणाला होता की त्याची आई चीज सँडविचला मोहरी जास्त लावायची, आणि मी सँडविच फेकून मारलं होतं! तो चुकवायला वाकला आणि सँडविच या सग्वारोला लागलं. उतरत होतो तेव्हा, आणि मी उजवीकडे फेकलं होतं. म्हणजे सग्वारो उजव्या हाताला हवा.

“इकडे,” मी आर्विडला म्हटलं.

“आपल्याला वाट आठवली?”

“वाट नाही. सँडविच.”

आणि मग एकेक करून सगळं आठवत गेलं! काळ्या खडकाशी वाट फुटते. तिथे तो म्हणाला होता डावीकडे आणि मी म्हटलं होतं उजवीकडे, डावीकडे जाऊन आम्ही झुडपात अडकलो आणि त्याने आजतागायत मान्य केलेलं नाही. “उजवीकडे!” मी ओरडले. पुढे तो पलंगाएवढा सपाट दगड. कुत्र्याचं नाव मला न विचारता ठेवलं म्हणून मी त्याच्यावर बसून राहिले होते, पाठ ओढ्याकडे करून. म्हणजे ओढा पाठीमागे. त्याच्या खालच्या घळीत, खाणीने त्याला दोन वर्षं दूर पाठवायचं ठरवलं आणि त्याने मला न सांगता हो म्हटलं, ते मला समजलं. तिथून खालपर्यंत आम्ही बोललो नव्हतो आणि मी सगळा वेळ डाव्या बाजूचा लाल कडा बघत चालले होते, त्याच्याकडे बघायचं नव्हतं म्हणून. कालही तो कडा पाहिला आणि पुन्हा तितकाच संताप आला. मग हसूही आलं.

आर्विड मागून येत होता. “माफ करा,” म्हणाला, “पण आपण एवढं भांडता तर एकत्र का येता?”

“भांडायला दुसरीकडे एवढी जागा कुठे आहे?” मी म्हटलं.

मी पुढे आणि तो मागे! मधेच वळून बघितलं तर तो माझ्या पाठीवर डोळे लावून चालत होता. मला त्याची दया आली.

शेवटच्या उतारावर मात्र काही आठवेना. एकही भांडण नाही. घाबरले. मग लक्षात आलं, इथे आम्ही कधी भांडलोच नाही, कारण इथून गाडी दिसते आणि दोघांनाही भूक लागलेली असते. मान वर केली. गाडी दिसली! आमचीच!

आणि गाडीशेजारी काठीवर भार टाकून वेंडेल. ताचो त्याला सोडून चारा आणायला गेला होता म्हणे.

“शोधायला आलास?” मी लांबूनच ओरडले. “सौदा मोडला?”

“फुलं बघायला आलोय,” तो म्हणाला. “माणसाने फुलं बघू नयेत?”

सूर्य अजून डोंगरावर होता. चांगला हातभर!

आर्विडने त्याचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. म्हणाला, “आपली पत्नी म्हणजे होकायंत्र आहे. तिकडे कुणा नीचाने सगळ्या खुणा उद्ध्वस्त केल्यात हो. ज्याने रचल्या तो देवमाणूस असणार, आणि ज्याने पाडल्या त्याला फटके मारायला हवेत.” वेंडेलचे कान लालेलाल झाले. लगोऱ्यांची स्तुती त्याच्या तोंडावर आजवर कुणी केली नव्हती. आर्विड गेला म्हणून बरं, नाहीतर तिथेच वाद झाला असता.

गाडीत बसल्यावर मी त्याला माझी भेट दिली. “वेंडेल, त्या मीच पाडल्या! पायथ्यापासून टाक्यापर्यंत!”

“सगळ्या?”

“सगळ्या. दगडसुद्धा पसरले, तू शिकवलंस तसे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला. हसला, हसला, खुबा धरून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मला वाटलं श्वास अडकेल. इतका खूश मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता. मी गाडी चालू केली तेव्हा तो चष्मा पुसत म्हणाला, “आणि तरी आलीस.”

“आले ना!”

“तरी आलीस,” पुन्हा म्हणाला आणि घर येईपर्यंत माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसला.

२१ मार्च

वेंडेलने कोरीनला फोन केला – घर विकायचं नाही, तो तलाव दुसऱ्या कुणाला दे. मग मला फोन दिला. “आई, खरंच एकटी गेलीस?” मी म्हटलं, जाताना एकटी होते, येताना वाटभर तुझ्या बाबांशी भांडत आले. ती म्हणाली, तुम्हा दोघांचीही एकदा तपासणी करून घेऊ.

२४ मार्च

अजून उशी घेतल्याशिवाय खुर्चीवर बसवत नाही.

२७ मार्च

जेवताना वेंडेल एकदम म्हणाला, “तशा लगोऱ्या काही अगदीच वाईट नसतात.” ताप बघितला. नव्हता.

४ एप्रिल, शनिवार

कोंबड्यांचं खाद्य आणायला गेले तिथे ताचो भेटला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “वहिनी, मी सांगितलं असं म्हणू नका, तो माझा जीव घेईल. पण मला राहवत नाही. वरच्या त्या लगोऱ्या वेंडेलच्या. तुम्ही लेकीकडे होता ना, तेव्हा रोज सिनेटरवर बसवून नेला त्याला. म्हटलं, तू बसून सांग, दगड मी रचतो. तर हात लावू देईना! उतरायचा, रचायचा आणि परत वर चढताना कळवळून ओरडायचा. म्हणे, तिला हे कळता कामा नये, तिला वाटलं पाहिजे की वाट तिची तिलाच सापडली.” मग म्हणाला, “तुम्हाला दिसल्या ना सगळ्या?”

मी तिथल्याच एका पोत्यावर बसले.

“सगळ्या दिसल्या,” म्हटलं. “एकही सुटली नाही.”